‘मारतो का?’ याच्या पुढे विचारणारी माणसं: नाशिकमध्ये मदत शोधताना

नवऱ्याने मला बारा वर्षांत एकदाही मारलं नाही. हे आधीच सांगते, कारण मदत मागायला मी जिथे जिथे गेले तिथे पहिला प्रश्न तोच आला, आणि माझ्या ‘नाही’वर बहुतेक ठिकाणी बोलणं संपलं. ज्या दोन-तीन ठिकाणी ते संपलं नाही त्यांच्याबद्दल मला लिहायचं आहे. जिथे संपलं तिथलंही लिहिते, म्हणजे दुसऱ्या कुणाचे तेवढे महिने वाचतील.

आधी माझं काय चाललं होतं ते. नवरा रोज रात्री खाली पार्किंगमध्ये जाऊन माझ्या स्कूटीचं रीडिंग बघायचा. इंदिरानगरचं घर ते माझी शाळा, जाऊन-येऊन ११ किलोमीटर. ११ चे १४ झाले की जेवायला बसल्या बसल्या विचारणा. ‘मुंबई नाक्यावर अडकले’ हे कारण उशिराला चालायचं, किलोमीटरला चालायचं नाही. बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारातून भाजी आणायची माझी लग्नाआधीपासूनची सवय, ती अशी सुटली. पगार माझ्या खात्यात जमा व्हायचा, कार्ड त्याच्या पाकिटात आणि बँकेचे मेसेज त्याच्या मोबाइलवर. सकाळी फ्रिजवर शंभराची नोट ठेवलेली असायची, संध्याकाळी तिचा हिशेब द्यायचा. आईचा फोन आला की स्पीकरवर घ्यायचा. माहेर पंचवटीत, रिक्षाने अर्धा तासही नाही, आणि मी दीड वर्ष तिथे गेले नव्हते. ‘जाऊ नकोस’ असं तो कधीच म्हणाला नाही. मी जाऊन आले की चार-चार दिवस तो माझ्याशी बोलायचा नाही, आणि लेकीशीही नाही. तिने हाक मारली तरी वळून बघायचा नाही. शेवटी नऊ वर्षांची पोर मलाच म्हणाली, “आई, आजीकडे नको ना जाऊस.” आणि मी कधी आवाज चढवलाच, तर तो बाल्कनीच्या कठड्याजवळ जाऊन उभा राहायचा आणि जीव देईन म्हणायचा.

याला काय म्हणायचं हेच मला माहीत नव्हतं. आपल्याकडे ‘जाच’ हा शब्द आहे, पण जाच म्हटलं की लोकांना सासू, हुंडा आणि रॉकेलचा डबा आठवतो. माझ्या सासूबाई तर साध्या. ‘संशयी स्वभाव’ म्हणावं, तर स्वभावाला औषध नाही असं सगळे म्हणतात. ‘काळजी करतो गं’ हे मी स्वतःच दहा वर्षं लोकांना सांगत होते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत निकालाच्या कामाला शाळेत जात होते, तेव्हा कॉम्प्युटरच्या खोलीत बसून पहिल्यांदा शोधलं. माझा फोन तो रोज बघायचा, म्हणून शाळेचा कॉम्प्युटर. मराठीत टाइप केलं, ‘नवरा मारत नाही पण भीती वाटते’. नवऱ्याला खूश ठेवण्याचे उपाय आले, राशीवरून स्वभाव आले, घटस्फोटाच्या वकिलांच्या जाहिराती आल्या. मग इंग्रजीत शोधलं आणि तिथे ‘कोअर्सिव्ह कंट्रोल’, म्हणजे धाकाने दुसऱ्याला आपल्या ताब्यात ठेवणं, हा शब्द भेटला. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५ च्या कायद्याने हा स्वतंत्र गुन्हा केलेला आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. एखादी घटना नव्हे, सतत चाललेलं वागणं धरतात. हे वाचताना माझे हात थंड पडले होते. एवढ्या लांबच्या देशातल्या कायदा करणाऱ्यांना माझ्या फ्रिजवरच्या नोटेबद्दल कसं कळलं, असं वाटलं.

त्याच दिवशी चाकाचं एक चित्र बघितलं. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात ड्युलूथ नावाचं शहर आहे. तिथे १९८४ मध्ये त्रास सोसलेल्या बायकांशी बोलून ते तयार केलं. मधल्या तुंब्यावर लिहिलंय ‘सत्ता आणि नियंत्रण’. आऱ्यांवर धमकावणं, एकटं पाडणं, पैसा आपल्या हातात ठेवणं, मुलांना मध्ये वापरणं, ‘असं काही झालंच नाही’ म्हणणं. मारहाण बाहेरच्या धावेवर आहे. म्हणजे धाव कधी दिसेल कधी दिसणार नाही, आरे मात्र रोज फिरत असतात. मी पाचवीच्या वर्गाला भूमिती शिकवते. फळ्यावर शेकडो वर्तुळं काढली असतील, पण एका वर्तुळाने मला एवढं कधी सांगितलं नव्हतं.

मी मनातल्या मनात त्याला ‘कह्यात ठेवणं’ म्हणायला लागले. नाव सापडल्यावर निदान दुसऱ्याला सांगता येतं.

इंग्रजी माहितीला मी नाव ओळखण्यापुरते पैकीच्या पैकी गुण देईन. पुढे मात्र तिचा उपयोग थांबतो, कारण त्यातले फोन नंबर त्या देशांचे, कायदे त्या देशांचे. एक चांगली गोष्ट त्या पानांवर होती. कोपऱ्यात एक बटण असतं, ते दाबलं की पान लगेच बंद होऊन हवामानासारखं दुसरं काहीतरी उघडतं. पण मागची नोंद त्याने पुसली जात नाही, ती आपण वेगळी पुसावी लागते. मला हे नंतर कळलं. माझं नशीब की कॉम्प्युटर शाळेचा होता.

मग एका हेल्पलाइनला फोन केला, कोणती ते लिहीत नाही. सुट्टीच्या दिवशी, शाळेच्या जिन्याखाली उभी राहून. फोन घेणाऱ्या बाईंनी विचारलं, मारहाण आहे का, दारू आहे का, हुंडा मागतात का, बाहेर कुणी आहे का. चारही वेळा नाही. मग म्हणाल्या, “मग घरातल्या मोठ्या माणसांना मध्ये घ्या, ताई.” त्या उद्धट नव्हत्या. त्यांच्यापुढे चार प्रश्नांचा कागद होता आणि मी त्यात बसत नव्हते.

एका पोलीस चौकीतही तेच. महिला पोलिसाने बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि विचारलं, “अंगावर काही खूण आहे का? मग मी लिहू काय?” आता मला माहीत आहे की भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ आणि ८६, म्हणजे १ जुलै २०२४ च्या आधीचं ४९८-अ, शरीरासोबत मनाच्या आरोग्याला होणारी गंभीर इजाही धरतं. तेव्हा माहीत नव्हतं. मी ‘काही नाही’ म्हणून उठले. ज्या बाईला हे वाचून चौकीत जायचं असेल तिने एवढं करावं: तारखा लिहून न्याव्यात. ‘त्रास देतो’ याचं कुणी काही लिहीत नाही. ‘अमुक तारखेला कार्ड काढून घेतलं, अमुक तारखेला आईला भेटले म्हणून चार दिवस अबोला, अमुक तारखेला जीव देण्याची धमकी’ असं असलं की लिहायला काहीतरी हाताला लागतं.

सगळ्यात जास्त नुकसान झालं ते एका खासगी समुपदेशकाकडे. एका तासाचे १,२०० रुपये, जागा छान, एसी, कुंड्यांत झाडं. नवऱ्याला मीच तयार केलं होतं, ‘आपल्या दोघांसाठी’ म्हणून. त्या माणसाने आम्हाला शेजारी शेजारी बसवून मला सांगितलं, मनात काय असेल ते मोकळेपणाने बोला. मी बोलले. स्कूटीचं बोलले, पैशांचं बोलले. नवरा मान हलवत शांत ऐकत होता. त्या रात्री साडेतीनपर्यंत मला झोपू दिलं नाही. एकेक वाक्य घेऊन, ‘हे तू परक्या माणसासमोर का बोललीस’. पुढच्या वेळी मी तिथे बसून सगळं ठीक आहे म्हणाले, आणि समुपदेशक म्हणाले, बघा किती फरक पडलाय. ज्या घरात एकाला दुसऱ्याची भीती वाटते तिथे दोघांना एकत्र बसवून बोलतं करणं धोक्याचं असतं, हे त्यांना माहीत असायला हवं होतं. मला गुण द्यायचेच नाहीत. मी फक्त एवढं म्हणते की असं कुठेही गेलात तर पहिली भेट एकटीची मागा, आणि नाही म्हणाले तर उठून या.

त्यानंतर तीन महिने मी काहीच केलं नाही.

वाट दाखवली ती आमच्या शाळेतल्या निवृत्तीला आलेल्या बाईंनी. त्यांनी कधी काही विचारलं नव्हतं. एक दिवस मधल्या सुट्टीत डबा खाताना सहज म्हणाल्या, “तुझा फोन वाजला की तू घास खाली ठेवतेस. मी वर्षभर बघतेय.” मी रडले. त्या म्हणाल्या, “वकील नंतर. आधी संरक्षण अधिकारी म्हणून असतात सरकारचे, तिथे जा. मी माझ्या भाचीला घेऊन गेले होते.” पत्ता आणि वेळ त्यांनीच १८१ वर फोन करून विचारून घेतली. हा महिलांसाठीचा चोवीस तासांचा नंबर आहे. त्यांच्या फोनवरून केला, माझ्या नाही.

इथे जरा थांबून लिहिते, कारण खरं परीक्षण करावं अशी ही एकच जागा आहे.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ ला. त्याच्या नावात ‘हिंसाचार’ असल्यामुळे मला वाटायचं तो माझ्यासाठी नाही. संरक्षण अधिकारी मॅडमनी कायदा सांगितलाच नाही. त्यांनी दार लोटून घेतलं, लेकीचं वय विचारलं, आणि एक छापील फॉर्म पुढे ठेवला. त्याला कौटुंबिक घटना अहवाल म्हणतात, नियमांमधला नमुना क्रमांक १. म्हणाल्या, “मी वाचते, जे तुमच्या घरी होतं त्याला हो म्हणा. घाई नाही.”

शारीरिकचा भाग त्यांनी वाचला, मी नाही नाही म्हणत गेले आणि मनात म्हटलं, आता ह्याही पेन खाली ठेवणार. त्यांनी पान उलटलं. शाब्दिक आणि भावनिक छळ. चारित्र्यावर संशय. घराबाहेर जाण्यापासून रोखणं. ठरावीक व्यक्तीला भेटू न देणं. त्या वाचत होत्या आणि मी हो, हो म्हणत होते. पुढे आर्थिक छळ. खर्चाला पैसे न देणं. पगार किंवा मजुरी काढून घेणं. स्त्रीधन विकणं, गहाण टाकणं. माझ्या घरातल्या एकेका गोष्टीसाठी सरकारी कागदावर आधीच एक रकाना होता. २००६ पासून होता. माझं लग्न व्हायच्याही आधीपासून तो फॉर्म कुठल्यातरी कपाटात माझी वाट बघत होता, आणि मला कुणी सांगितलं नव्हतं.

स्कूटीचं रीडिंग मात्र फॉर्ममध्ये नव्हतं. मी सांगितल्यावर मॅडम थांबल्या, म्हणाल्या, “हे सविस्तर लिहूया,” आणि मोकळ्या जागेत माझ्याच शब्दांत लिहिलं. मग मला वाचून दाखवलं. एका ठिकाणी त्यांनी ‘पती नेहमी’ लिहिलं होतं, मी म्हटलं नेहमी नाही, रोज. त्यांनी खोडून ‘रोज’ केलं. माझ्या लेखी या सेवेची किंमत त्या एका खोडण्यात आहे. बारा वर्षांत माझं म्हणणं कुणी माझ्या सांगण्यावरून दुरुस्त केलं नव्हतं.

‘तुम्ही त्यांना सोडा’ असं त्या म्हणाल्या नाहीत. ‘सांभाळून घ्या’ असंही नाही. त्यांनी विचारलं, “तुम्हाला काय झालेलं हवं आहे?” मला उत्तर देता आलं नाही. त्या म्हणाल्या, पुढच्या वेळी सांगा.

दुसऱ्या भेटीत त्यांनी सुरक्षेचा आराखडा भरायला घेतला. हाही नियमांतला छापील नमुना आहे, क्रमांक ५. काय होऊ शकतं, तुम्हाला कशाची भीती वाटते, त्यासाठी काय करायचं, असे रकाने. बाहेर पडण्याचा काळच सगळ्यात जोखमीचा असतो, त्यामुळे निघायच्या आधी कुणाला काही सुचवू नका, भांडणात ‘मी जाईन’ म्हणू नका, हे त्यांनी तीनदा बजावलं. आणि फोनचं सांगितलं, जे मला सगळ्यात कामी आलं. फोनवर गुगल मॅप्समधून जागा कुणाला दिसतेय का, व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये दुसरं काही जोडलंय का, आपल्या ईमेल खात्यात आणखी कुठला फोन उघडा आहे का, हे बघायचं. बघायचं फक्त. लगेच बंद करायचं नाही. माझ्या व्हॉट्सअ‍ॅपला त्याचा लॅपटॉप जोडलेला होता, मी तडक काढून टाकणार होते. मॅडम म्हणाल्या, “काढलं की त्याला कळेल तुम्हाला कळलंय. निघाल्यावर काढा. तोवर या फोनवर रोजचंच बोलत राहा.” हे शहाणपण मला इंग्रजी पानांवर ओझरतं दिसलं होतं, पण माझा फोन हातात घेऊन कुणी सांगितलं तेव्हाच उमगलं.

कागदपत्रं एकदम हलवायची नाहीत, हेही त्यांचंच. मी दर दोन-तीन दिवसांनी एकेक कागद वह्यांच्या गठ्ठ्यात घालून शाळेत नेला, झेरॉक्स काढली, मूळ प्रत परत जागेवर. लेकीचा जन्मदाखला, माझं आधार, पॅन, लग्नाचं प्रमाणपत्र, बँक पासबुक, पगाराच्या स्लिपा, दागिन्यांच्या पावत्या, लग्नातले दागिने दिसतील असे दोन फोटो. शेवटच्या आठवड्यात मूळ प्रती नेल्या. सगळं माझ्या वर्गाच्या कपाटात, तक्त्यांच्या मागे. दुसऱ्या बँकेत नवं खातं काढलं आणि त्याला बाईंच्या ओळखीने घेतलेला नवा मोबाइल नंबर दिला.

त्या कार्यालयाच्या उणिवाही लिहिते, कार्यालय कोणतं ते सोडून. बाहेर बसायला एकच बाक, आणि त्या बाकावरून आतलं बोलणं निम्मं ऐकू येतं. वेळ कार्यालयीन, म्हणजे नोकरी करणाऱ्या बाईने अर्धी रजा टाकावी, आणि रजेचा मेसेज नवऱ्याला गेला तर ती काय सांगणार? मॅडम दौऱ्यावर असल्या की दुसरं कुणी नसतं. मी दोनदा परत आले, आणि ते दोन वेळचे जादा किलोमीटर लपवायला रिक्षा केली, रिक्षाचे पैसे बाईंनी दिले. ज्यांच्याकडे अशा बाई नाहीत त्यांचं काय होत असेल हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. दहापैकी नऊ देते, आणि जो एक कापला तो बाकासाठी.

मी निघाले ती एका मंगळवारी, रोजच्या वेळेला, रोजच्या डब्यासकट. लेकीच्या दप्तरात तिचे दोन ड्रेस जास्त होते, एवढंच. शाळा सुटल्यावर स्कूटी शाळेतच ठेवली आणि आम्ही दोघी सिटीलिंकच्या बसने निमाणीला उतरलो. आईने काही विचारलं नाही. तिने फक्त दाराची कडी वरून लावली आणि कुकर चढवला.

आता वकील. सीबीएस बसस्थानकाजवळ जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे महिलेला मोफत वकील मिळतो, आणि तिचं उत्पन्न किती हे त्यात बघत नाहीत. मी पगारदार, मला कोण फुकट वकील देणार असं समजून मी जाणारच नव्हते. पगार माझा होता, पण पैसा माझ्या हातात कधी नव्हता, आणि कायद्याने तो प्रश्नच ठेवलेला नाही. साधा अर्ज, ओळखपत्र, आणि काय हवंय त्या चार ओळी. देशभरासाठीचा नंबर १५१०० आहे, तिथूनही विचारता येतं.

मला मिळालेल्या वकील मॅडम तरुण होत्या, त्यामुळे आईला धाकधूक होती. मला नव्हती. त्यांनी घटना अहवाल पूर्ण वाचला, दोनदा, आणि मगच बोलल्या. फ्लॅट सासूबाईंच्या नावावर, म्हणून माझा त्यावर काही हक्क नाही असं मी धरून चालले होते. त्यांनी सांगितलं, सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये स्पष्ट केलंय की सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घरसुद्धा बाईचं ‘सामायिक घर’ ठरू शकतं. परत जायचं नसेल तर तशाच दर्जाच्या घराचं भाडं मागता येतं. मी भाडं मागितलं. त्याने शाळेत आणि आईच्या घरी येऊ नये, लेकीच्या कामाखेरीज फोन-मेसेज करू नये, माझे दागिने परत द्यावेत, हेही मागितलं. हे सगळं एकाच अर्जात मागता येतं, कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यातल्या कलम १२ च्या. अर्ज आपण तात्पुरत्या राहतो त्या ठिकाणच्या कोर्टातही चालतो, आणि निकालाआधी अंतरिम आदेश मागता येतो. संरक्षणाचा आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मला वाटायचं हा फक्त बायकांचा नवऱ्याविरुद्धचा कायदा. नाही, तो आईला मुलाविरुद्ध वापरता येतो, बहिणीला भावाविरुद्ध, लग्नाशिवाय सोबत राहणारीलाही.

कायद्यात पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि अर्ज साठ दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करावा असं लिहिलंय. वकील मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “साठ दिवस धरून बसू नका. सहा-आठ महिन्यांची तयारी ठेवा, मधे काही मिळालं तर आनंद.” मला हे प्रामाणिक बोलणं फार आवडलं. अंतरिम आदेश पाचव्या महिन्यात आला. भाडं मागितलं त्यापेक्षा कमी, पण नाशिकमध्येच मेरी भागाजवळ एक खोली-स्वयंपाकघर घेता आलं.

कोर्टाने मधे समुपदेशन सांगितलं तर, ही माझी सगळ्यात मोठी भीती होती. त्या १,२०० रुपयांच्या खोलीची आठवण. मॅडमनी नियम उघडून दाखवला. या कायद्याखालच्या समुपदेशनात समोरच्या माणसाला ‘मी असं का वागलो’ याचं समर्थन करायला परवानगीच नाही, आणि हे त्याला सुरुवातीलाच सांगायचं असतं. बाईची इच्छा नसेल तर तडजोडीचा आग्रह नाही. माझी इच्छा नव्हती आणि तसं लिहून दिलं.

निघाल्यावर जे कुणी सांगत नाही ते सांगते. पहिले दोन महिने मी जास्त घाबरत होते. दुकानात २० रुपयांचा पेन घेतला तरी पावती जपून ठेवायचे. गाडी सुरू करताना रीडिंग बघायचे, अजूनही कधीकधी बघते. रात्री झोप यायची नाही. १४४१६ हा टेली-मानस नंबर आहे, मानसिक आरोग्यासाठी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. मी मध्यरात्री दोन वेळा लावला. पलीकडच्या मुलीने कायद्याचं एक अक्षर काढलं नाही. म्हणाली, “मॅडम, तुम्ही आत्ता कुठे बसलाय ते सांगा, खोलीत काय काय दिसतंय ते सांगा.” मी सांगत गेले: आईची शिलाई मशीन, लेकीचं दप्तर, भिंतीवरची पाल. बोलता बोलता श्वास जागेवर आला.

ज्यांना निघाल्यावर जायला आईचं घर नाही, त्यांच्यासाठी ‘सखी’ वन स्टॉप सेंटर आहे. ही केंद्र सरकारची २०१५ ची योजना, जिल्ह्याजिल्ह्यांत केंद्रं. साधारण पाच दिवस राहता येतं, आणि पोलीस, डॉक्टर, वकील, समुपदेशन यांच्याशी जोडून देतात. मला राहायची वेळ आली नाही, त्यामुळे आतली सोय कशी ते मी लिहीत नाही. जिवावर बेतलं असेल तर ११२. तिथे कह्यात-बिह्यात समजावत बसायचं नाही, पत्ता सांगायचा आणि ‘मला आत्ता धोका आहे’ एवढंच.

मराठीतली माहिती सुधारायला हवी, आणि ही माझी खरी तक्रार आहे. तो नमुना क्रमांक १ जर प्रत्येक शाळेच्या शिक्षिकांच्या खोलीत, प्रत्येक दवाखान्यात बायकांच्या रांगेसमोर, रेशन दुकानात मोठ्या अक्षरात लावला, नुसते ते रकाने, खाली एक नंबर, तर काम होईल. मी आमच्या शाळेत लावला आहे. मुख्याध्यापकांनी ‘पालक काय म्हणतील’ म्हणून आधी नको म्हटलं. मग मी तो बायकांच्या स्वच्छतागृहात, दाराच्या आतल्या बाजूला लावला, जिथे एकटीलाच वाचता येतो. खाली नंबरांच्या चिठ्ठ्या कापून लटकवल्यात, हात लावला की सुटतील अशा. मोबाइलमध्ये नंबर लिहून घ्यायची भीती असते म्हणून चिठ्ठ्या अगदी छोट्या ठेवल्या, बसच्या तिकिटाएवढ्या.

पहिल्या महिन्यात १२ चिठ्ठ्यांपैकी ५ गेल्या. आमच्या शाळेत शिक्षिका, मावशी आणि पालक धरून कुणीही असेल, मी बघत नाही. परवा नव्या कापून लावल्या.